आकाशाचा संकेत, टॉवरची रेंज : डोंगरवाटांसाठी मोबाइल निवडताना

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची मोठी परंपरा महाराष्ट्राला लाभली आहे. गो. नी. दांडेकरांनी दुर्गांवर जीव ओतून लिहिले, आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाटांचे आराखडे हाती दिले, यंग झिंगारो ट्रेकर्सच्या ‘सांगाती सह्याद्रीचा’ने किल्ल्यांची माहिती एका ठिकाणी आणली. अशा पुस्तकांच्या पानांच्या झेरॉक्स प्रती सॅकमध्ये टाकून कित्येक जण घराबाहेर पडले आणि मुक्कामाला सुखरूप पोहोचले. आज नकाशा, होकायंत्र, विजेरी आणि घरच्यांशी संपर्क ही सगळी कामे आपण मोबाइलवर सोपवली आहेत. एवढी भिस्त ज्या वस्तूवर ठेवायची ती घेताना मात्र बहुतेकांची नजर दोनच आकड्यांवर जाते : कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि प्लॅनमध्ये रोजचा डेटा किती. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर धुके उतरले की या दोन्ही आकड्यांचा उपयोग फार थोडा.

फोन आणि प्लॅन यांची निवड हा अभ्यासाचा विषय आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. या विषयात खगोल आहे, भूगोल आहे, कायदा आहे, बाजार आहे आणि पायथ्याच्या गावांतल्या माणसांचे पिढीजात ज्ञानही आहे. इंजिनिअर नसलेल्या वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. शाळेतला भूगोल आठवत असेल आणि थोडे कुतूहल असेल, तर पुढचे सगळे समजते. आणि एकदा ते समजले, की दुकानातल्या विक्रेत्याशी बोलताना तुमचे प्रश्नच बदलतात.

सुरुवात एका भेदापासून करावी, कारण बाकीचे सारे त्यावर उभे आहे. आपण कुठे आहोत हे फोनला आकाशातून कळते. आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला सांगायचे असेल तर टॉवर लागतो. पहिले काम स्थानाचे, दुसरे संपर्काचे. स्थानासाठी सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही, रेंजही लागत नाही. फोन विमान मोडवर टाकला तरी लोकेशन चालू ठेवून आपली जागा पाहता येते. ‘रेंज गेली म्हणजे जीपीएस गेले’ हा समज ट्रेकच्या गटांत अजून सर्रास आढळतो. रेंज गेल्यावर नाहीसा होतो तो पाठीमागचा नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर निळा ठिपका आपल्या जागी दिसत राहतो. म्हणून फोन निवडताना स्थानाचा विचार करावा, प्लॅन निवडताना संपर्काचा. दोन्हींची सरमिसळ केली की महागडा प्लॅन घेऊनही माणूस वाट चुकतो.

स्थान कसे कळते, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ‘या क्षणी माझी वेळ ही, माझी जागा ही’ एवढेच सतत सांगत असतात. फोन फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीही पाठवत नाही. संकेत निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळावरून तो अंतर काढतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक, अशा चारही गोष्टींचे उत्तर मिळते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या संकेतात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर 300 मीटरने चुकते, म्हणून उपग्रहांवर आण्विक घड्याळे बसवावी लागतात. मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाल्यावर सामान्य माणसाच्या हातातले यंत्र खऱ्या अर्थाने कामाचे झाले. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन आज साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो.

जीपीएस हे नाव रूढ झाले असले तरी आजचा फोन एकाच देशाच्या उपग्रहांवर अवलंबून नसतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू या यंत्रणाही तो ऐकतो, आणि ज्या फोनांत सोय आहे ते आपली ‘नाविक’ही ऐकतात. इस्रोने या मालिकेतला पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये सोडला. भारत आणि सीमेपलीकडचा सुमारे 1500 किलोमीटरचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. तिचे उपग्रह बरेच उंचावरच्या, भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षांत असल्यामुळे ते आपल्या आकाशात उंच राहतात, आणि दोन्ही बाजूंना कडे असलेल्या घळीत उंचावरचा उपग्रह फार मोलाचा. काही उपग्रहांवरची घड्याळे निकामी झाल्याने या यंत्रणेला मोठे अडथळे सोसावे लागले, हेही वाचकांनी जाणून असावे. मे 2023 मध्ये गेलेल्या एनव्हीएस-01 वर भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवले होते, आणि मोबाइलच्या चिपना सोयीच्या एल-1 लहरींवरही तो संकेत देऊ लागला. फोन घेताना त्याच्या माहितीपत्रकात ‘नाविक’ लिहिलेले आहे का, ते जरूर पाहावे. एकट्या नाविकवर विसंबण्याची गरज नाही. तिची भर बाकीच्यांत पडते.

त्याच ओळीत आणखी एक शब्द शोधावा : ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ किंवा ‘एल-1 + एल-5’. माझ्या मते डोंगरासाठी फोन घेताना पहिली अट हीच असावी, कॅमेरा त्यानंतर. साम्रदजवळची सांदण दरी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना ताशीव भिंती, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. उपग्रहाचा संकेत सरळ येण्याऐवजी भिंतीवर आपटून येतो, थोडा उशिरा पोहोचतो, आणि फोनला वाटते की आपण आहोत त्याहून दूर आहोत. निळा ठिपका मग दरी सोडून वरच्या पठारावर जाऊन बसतो. दोन लहरींवर ऐकणाऱ्या फोनला असे परतून आलेले संकेत ओळखणे बरेच सोपे जाते. अर्थात, सांदणसारख्या जागी कोणताही फोन बिनचूक राहत नाही. म्हणून ठिपक्याभोवती दिसणारे फिकट वर्तुळ पाहण्याची सवय लावून घ्यावी. वर्तुळ लहान असेल तर फोनला खात्री आहे. ते पसरले असेल तर तो अंदाज सांगतो आहे. वाट निवडायची ती वर्तुळ पाहून, नुसता ठिपका पाहून नव्हे.

स्वस्त फोनांत एक गोष्ट गुपचूप वगळलेली असते, ती म्हणजे होकायंत्र. तांत्रिक भाषेत त्याला मॅग्नेटोमीटर म्हणतात. ते नसेल तर तुम्ही चालत असेपर्यंत फोन दिशा ओळखतो, उभे राहिलात की त्याला काही सांगता येत नाही. आणि ढोरवाटांच्या फाट्यावर आपण उभेच असतो. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर सेन्सरची यादी असते, तीत हा शब्द पाहावा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे नव्या माणसाला ते गणित करत बसावे लागत नाही. फोनच्या कव्हरला लोहचुंबकाची झडप असेल तर मात्र ते काढून ठेवावे, नाहीतर सुई भलतीकडेच वळते. बॅरोमीटर असला तर उंची जास्त भरवशाने कळते. नसला तर अडत नाही.

आता बॅटरी. 5000 एमएएचची बॅटरी असलेला फोन शहरात दिवसभर सहज पुरतो आणि डोंगरात दुपारीच मान टाकतो, याचे कारण बहुधा जीपीएस नसतेच. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यासाठी आपली सगळी ताकद लावतो. पायथा सोडताना विमान मोड लावावा आणि लोकेशन चालू आहे ना हे पाहावे. बॅटरी किती टिकते ते पाहून नवख्याला आश्चर्य वाटेल. त्याआधी गावातल्या मोकळ्या अंगणात, रेंज असताना, फोनला एकदा आपली जागा शोधू द्यावी. नेटवर्कवरून उपग्रहांची ताजी माहिती मिळाली की जागा काही सेकंदांत सापडते. ती नसेल तर फोनला उपग्रहाकडूनच सगळे ऐकून घ्यावे लागते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती अर्ध्या मिनिटात येते, पण सगळ्या उपग्रहांचे पूर्ण पंचांग ऐकायला साडेबारा मिनिटे जातात. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालू असलेले ॲप बंद करतात आणि मग वाटेची नोंद मध्येच तुटते. त्या ॲपपुरते बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद ठेवावे.

पावसाविषयी थोडक्यात. आयपी-67 याचा अर्थ एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास, तोही नव्या फोनला. रबरी सील जुने होते, फोन एकदा पडला की भरवसा कमी होतो. शिवाय ओल्या पडद्याला बोट समजत नाही. झिप असलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक यांवरचा खर्च सार्थकी लागतो.

फोन चांगला असला तरी त्यातला नकाशा कुणी केला, हे विचारल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये. 1767 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे हा आपला भक्कम वारसा आहे. त्यांत एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा 20-20 मीटरच्या अंतराने. हे नकाशे सर्वसामान्यांसाठी खुले करण्याची वाट 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने मोकळी केली, आणि फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांवरचे नकाशे बनवण्याचे निर्बंध बरेच सैल केले. दुसरीकडे 2004 मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्या जगाने मिळून काढलेला नकाशा आहे. ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमँड ही ॲप त्यावरच चालतात आणि पूर्ण जिल्ह्याचा नकाशा इंटरनेटशिवाय दाखवतात. गाडीरस्त्यासाठी गुगल मॅप्स उत्तम. पायवाटा, टाकी, खिंडी यांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ॲप अधिक कामाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र नकाशावर रेषा आहे म्हणून जमिनीवर वाट आहे, असे धरून चालू नये. मोबाइलवरच्या बऱ्याच नकाशांतली उंची फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीतून आली आहे, आणि तिचे टिपण सुमारे 30 मीटरच्या चौकटींत आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा त्या चौकटींत मावत नाही. पडद्यावर तो फक्त दाट रेषांचा एक पट्टा दिसतो. पायथ्याच्या गावांचेही तसेच. नुसते ‘हरिश्चंद्रगड’ असे लिहून रस्ता विचारला तर ॲप एकाच बाजूला नेईल. पण अकोले तालुक्यातली पाचनई, जुन्नर तालुक्यातले खिरेश्वर आणि कोकणात मुरबाड तालुक्यातले बेलपाडा या तिन्ही ठिकाणांहून वाटा चढतात, आणि त्यांच्या अवघडपणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट नवख्यांची नव्हेच. वाचकांनी किल्ल्याचे नाव न टाकता पायथ्याच्या गावाचे नाव टाकावे, आणि त्या गावात पोहोचल्यावर वाटाड्या घ्यावा. कारवी वाढल्यावर कोणती वाट बुजते आणि कोणते टाके मार्चनंतर कोरडे पडते, हे त्याला ठाऊक असते. कुठल्याही ॲपमध्ये ते सापडत नाही.

इथवर फोन झाला. प्लॅनचा विचार करताना आधी ‘सर्कल’ ही गोष्ट समजून घ्यावी. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे वेगळे सर्कल आहे, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. मुंबईत एखाद्या कंपनीचे नेटवर्क उत्तम आहे, यावरून तिचे अकोल्यात किंवा वेल्ह्यात काय चालते याचा अंदाज बांधता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तो पाहावा, पण पायथ्याच्या गावातल्या दुकानदाराला फोन करून ‘तुमच्याकडे कोणाची रेंज येते?’ असे विचारणे त्याहून खात्रीचे. डोंगरात रेंजचे वागणेही वेगळे असते. धारेवर किंवा कड्याच्या टोकावर कोकणातला लांबचा टॉवर थेट दिसतो म्हणून फोन लागतो, आणि तिथून थोडे खाली नाळेत उतरले की शून्य. कॉल लागत नसेल अशा जागीही एसएमएस पुष्कळदा जातो, कारण त्याला क्षणभराचा संकेत पुरतो.

यातून निघणारा सल्ला साधा आहे. फोन दोन सिमचा घ्यावा आणि दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत. जिओचे नेटवर्क 4जी आणि 5जीचेच आहे, 2जी त्यात नाही; एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचे 2जी अजून चालते. गटात कुणाकडे तरी बटणांचा साधा फोन आणि त्यात 2जीवर चालणारे सिम असले, तर तो कित्येक दिवस चार्जिंगशिवाय जिवंत राहतो. दुसरे सिम सांभाळायला फार खर्च येऊ नये, यासाठी डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने केवळ कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे, आणि अशा खास प्लॅनची मुदत 365 दिवसांपर्यंत नेण्याची मुभाही दिली आहे. रिचार्ज घेताना मुदतीचा हिशेब करावा : 28 दिवसांचा प्लॅन ‘महिन्याचा’ म्हणून घेतला तर वर्षात 12 नव्हे, 13 रिचार्ज होतात. 30 दिवसांचा एक तरी प्लॅन प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो, तो विचारून घ्यावा. हिमालयात जाणाऱ्यांसाठी आणखी एक : जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. हे श्रीनगरला उतरल्यावर कळण्यापेक्षा पुण्यात कळलेले बरे.

संकटाची वेळ येऊ नये, पण तिची तयारी याच विषयाचा भाग आहे. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी ओळ दिसली तर त्याचा अर्थ, तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुणाचा तरी आहे. अशा वेळी 112 लावून पाहावा. आपली जागा सांगताना आकड्यांची पद्धत जपून वापरावी. 19.50 अंश म्हणजे 19 अंश 30 मिनिटे. ऐकणाऱ्याने ते 19 अंश 50 मिनिटे असे लिहून घेतले, तर शोधपथक तुमच्यापासून सुमारे 37 किलोमीटर उत्तरेला जाईल. म्हणून ‘एक नऊ दशांश पाच शून्य’ असे एकेक अंक म्हणावे, आणि जमले तर एसएमएसने पाठवावे; दशांशानंतर पाच अंक दिले की जागा मीटरभरापर्यंत नेमकी होते. अशा निरोपावर निघणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर असो वा लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, ही मंडळी आपापली नोकरी-धंदा सांभाळून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांना नेमका आकडा देणे हे आपले किमान कर्तव्य.

परदेशात राहणाऱ्या आणि सुट्टीत सह्याद्रीत येणाऱ्या मराठी वाचकांना एक कळकळीची सूचना. उपग्रह-फोन, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातात मावणारी यंत्रेही, भारतात परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. अशी यंत्रे सामानात सापडून विमानतळांवर परदेशी प्रवाशांना अटक झाली आहे. ती घरीच ठेवून यावीत. नुसते जीपीएस दाखवणारे, संदेश न पाठवणारे घड्याळ चालते.

इथे प्लॅनचे दर मुद्दाम दिलेले नाहीत, ते वरचेवर बदलतात. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी एकदमच वाढवले होते. हा विषय वाचकांनी पुस्तकातल्यासारखा ओळीने शिकू नये. घराजवळच्या टेकडीवर जावे, नकाशा उतरवून घ्यावा, विमान मोड लावावा आणि ठिपक्याबरोबर तासभर चालून पाहावे. निम्मे शिक्षण तिथेच होते. मग एखादा सोपा किल्ला. घरी एका माणसाकडे वाट, परतीची वेळ आणि दोन्ही सिमचे नंबर लिहून ठेवावेत. आणि हात बसला की आपल्याकडूनही या नकाशात भर घालावी. ओपनस्ट्रीटमॅपवर सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटा, झरे आणि टाकी अजून यायची आहेत. चाललेल्या वाटेची नोंद तिथे द्यावी, पाणी कोणत्या महिन्यात होते ते लिहावे, आणि नाव टाकताना गावकऱ्यांना विचारून, ते उच्चारतात तसेच देवनागरीत टाकावे.